भेगेला घास

दाबयंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये उभा ठेवलेला काँक्रीटचा नमुना फुटला तेव्हा भाराचा काटा निम्म्यावरही पोचला नव्हता. चांगले काँक्रीट फुटताना बंदुकीसारखा आवाज करते. हे नुसते बसले, आणि तबकडीवर करड्या भुकटीचा ढीग उरला.

"दुसरा घे," यामिनी डोंगरवार म्हणाली.

दुसराही तसाच बसला. तिसरा नमुना डॉ. रेवती टेंभरेने यंत्रात ठेवलाच नाही. तिने तो हातात धरून अंगठ्याने दाबला, तशी त्याची कड पेढ्यासारखी सुटून आली.

यामिनी पूल विभागात कार्यकारी अभियंता होती आणि वैनगंगेवरचा खैरबोडीचा जुना पूल तिच्या अखत्यारीत होता. त्याच पुलाच्या गर्डरमधून कापलेले हे नमुने घेऊन ती नागपूरच्या या प्रयोगशाळेत आली होती. रेवती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. आणि तो पूल अजून उभा होता, तो रेवतीच्या शोधामुळे.

नऊ वर्षांपूर्वी तो पाडायचेच ठरले होते. गर्डरांना खालून भेगाच भेगा पडल्या होत्या आणि आतल्या सळया गंजून फुगत होत्या. त्यावर रेवतीने सांधजीवाणू दिले. चुनखडी तयार करणारे हे सूक्ष्मजीव सिमेंटच्या पातळ लगद्यातून दाबाने भेगांमध्ये भरायचे. सोबत गर्डरच्या पोटात केसासारख्या पोषनलिकांचे जाळे बसवायचे आणि त्यातून एका टाकीतला पोषरस खेळता ठेवायचा. एरवी जीवाणू कोरड्या काँक्रीटमध्ये बीजरूपाने झोपून राहत. नवी भेग पडली की तिथली नलिका तुटे, रस पाझरे, जीवाणू जागे होऊन खात, वाढत आणि चुनखडीने ती भेग लिंपून टाकत. रस थांबला की पुन्हा झोप. पूल स्वतःच्या जखमा स्वतः भरू लागला. देशोदेशीचे अभियंते तो पाहून गेले.

"नव्या भेगा कुठे आहेत?" रेवतीने विचारले.

"तीच तर अडचण आहे. पडल्याच तर गर्डरच्या खालच्या अंगाला पडायला हव्यात, तिथे ताण असतो. या पडल्यात वरच्या अंगाला. तिथलं काँक्रीट दाबाखाली असतं, भेग पडायचं कारणच नाही." यामिनीने टॅबवर नकाशा उघडला. "वाहतुकीशी जुळवून पाहिलं, उन्हाशी जुळवून पाहिलं. शेवटी सहज म्हणून पोषनलिकांचा आराखडा वर ठेवला. तंतोतंत जुळला."

रेवतीने तिला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर नेले.

"हा माझा जीवाणू. आणि हा तुझ्या गर्डरमधला, त्याच वंशातला. पण मी बनवलेला नाही. हा चुनखडी करत नाही, आम्ल सोडतो."

"आम्लाने काँक्रीट विरघळेल."

"आणि नलिकाही. यामिनी, नऊ वर्षं आपण यांना एकच गोष्ट शिकवली. भेग पडली की जेवण. एवढ्या अब्जावधींत एखादा असा निघाला असणार, की जो भेगेची वाट बघत बसला नाही. त्याने स्वतःच पाडली. त्याला रस आधी मिळाला, जास्त मिळाला. त्याचा वंश वाढला. बुजवणारे कधीतरीच जेवत होते, पोखरणारे रोज जेवत होते. आता पोखरणारेच उरलेत."

यामिनीला दर वर्षीचे अहवाल आठवले. बुजवलेल्या भेगांचा आकडा वर्षागणिक चढत गेला होता आणि विभागाने त्याचा आनंद मानला होता. मुळात भेगाच जास्त पडत आहेत, हे कोणी पाहिले नव्हते. तिनेही नाही.

"उपाय?"

"रस बंद कर. उपाशी राहिले की हे झोपतात, ते मी पहिल्यापासून तपासत आलेय. मग टेकू द्या, कार्बनच्या पट्ट्या चिकटवा, तुमचं जुनं काम. आणि तोवर त्या पुलावरून एकही जड वाहन जाऊ देऊ नकोस."

खैरबोडीत जड वाहन म्हणजे दिगंबर कापगतेचे डंपर, हे यामिनीला सांगायची गरज नव्हती.

खैरबोडीच्या रेतीघाटावर सरकारी परवाना कोणाच्याही नावाचा असो, रेती कापगतेची असे. त्याची यंत्रे भर दिवसा पुलाच्या खांबांना खेटून नदी उकरत. घाटावर दुसऱ्या कोणाला गाडी लावायची तर त्याला हप्ता पोचवावा लागे. न देणाऱ्याची गाडी जळे, नाहीतर गाडीवाला इस्पितळात जाई.

यामिनीने टाकीघरातला व्हॉल्व्ह स्वतः फिरवून बंद केला, दाराला कुलूप लावले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग पुलाच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे अशा बेताने मांडून घेतले की मोटार जावी, डंपर अडावा. हे काम पुलाच्या देखरेखीवर असलेल्या मोरेश्वर हटवारने उभे राहून करून घेतले. हटवार पन्नाशीचा, किडकिडीत, कपाळावर कायम रुमाल बांधलेला माणूस. पूल दुरुस्त झाला त्या वर्षी तो इथे आला आणि इथेच राहिला.

"मॅडम, हे ठोकळे डिगूभाऊच्या डोळ्यात गेले समजा," तो म्हणाला.

"घाबरलात?"

"घाबरलोच ना. पन घाबरून का करता? पूल पडला तर लोकं मलेच इचारतील, तू का करून राहिला होता म्हनून."

दुपार व्हायच्या आत कापगते आला. एकटाच, पायी. पन्नाशी गाठलेला, बैलासारख्या मानेचा, चालताना किंचित डावीकडे झुकणारा माणूस. त्याने ठोकळ्यांकडे पाहिले नाही.

"मॅडम, पूल बंद करून राहिल्या म्हनते."

"पूल चालू आहे. डंपर बंद आहेत."

"म्हंजे मीच बंद." तो हसला. "का झालं पुलाले?"

यामिनीने त्याला सरळ सांगितले. गर्डर आतून पोखरला आहे, वजन घेऊन गाडी गेली तर दोन खांबांमधला गाळा बसेल आणि चालवणाराही खाली जाईल. कापगतेने शांतपणे ऐकून घेतले. मग शर्टाची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत हातावर जुन्या जखमांचे व्रण होते.

"मारामाऱ्यांत हा हात कितीदा तुटला, मोजलंच नाही. बरगड्या, मांडी, खांदा, समदं तुटलं. तुमच्या त्या नागपूरवाल्या बाईचंच औषध. जीवाणू भरले हाडात, रोज रस पेतो, पंधरा दिवसांत उभा. मानसाचं हाड जुळते अन् तुमचा पूल जुळत नाही?"

यामिनीने त्या व्रणांकडे निरखून पाहिले. रेवतीच्या शोधावरून हाडांचे औषध निघाले आहे हे तिला माहीत होते. ते कोणी वर्षानुवर्षे पीत असेल हे तिच्या मनातही आले नव्हते.

"तुम्ही अजून रस पिता?"

"पेतो ना. तो पिऊनच उभा हाये." त्याने बाही खाली केली. "ठोकळे काढा मॅडम. मी दुसऱ्यांदा सांगाले येत नसतो."

ठोकळे निघाले नाहीत. ऊन कलायला लागले तेव्हा घाटाच्या बाजूने रेतीने भरलेल्या डंपरांची रांग आली. पुढच्या डंपरवर कापगतेचा धाकटा भाऊ मुकुंदा होता. मागच्या जीपमधून सात-आठ माणसे पहारी घेऊन उतरली आणि पहिला ठोकळा कठड्याकडे लोटू लागली. हटवार पळत जाऊन मोकळ्या झालेल्या जागेत उभा राहिला. त्याच्या हातात लाल झेंडी होती.

"मुकुंदा, मागं घे," तो म्हणाला. "पूल पोकळ हाये बाबू. तूच मरशीन."

मुकुंदाने भावाकडे पाहिले. कापगते जीपला टेकून उभा होता. त्याने नुसता पंजा पुढे हलवला, वाटेतले ढोर हाकलावे तसा.

डंपर सुटला. हटवार बाजूला होईल असे सगळ्यांनाच वाटले असावे, बहुधा मुकुंदालाही. हटवार झाला नाही, किंवा त्याला वेळ मिळाला नाही. पुढच्या बंपरचा धक्का त्याच्या छातीला बसला, तो ठोकळ्यावर आपटला, आणि ठोकळा व चाक यांच्यामध्ये त्याची कंबर सापडली. डंपर थांबला तेव्हा हटवार अर्धा वर होता, अर्धा खाली. त्याचे डोळे उघडे होते. तोंडातून रक्ताचा फुगा आला आणि फुटला. मग मुकुंदाने घाबरून गिअर टाकला आणि मागचे चाकही त्याच्यावरून गेले.

यामिनी धावली. हटवारपर्यंत ती पोचलीच नाही. कोणीतरी मागून तिचे केस धरले आणि तिला गुडघ्यांवर आणले. समोर कापगते होता. त्याने शेजारच्या माणसाच्या हातातली पहार घेतली, दोन्ही हातांनी तोलली आणि घण घालावा तशी तिच्या डाव्या नडगीवर घातली. हाड तुटल्याचा आवाज तिने कानाने नव्हे, दातांमध्ये ऐकला. दुसरा घाव त्याच जागी पडला. कातडीतून पांढरे टोक बाहेर आलेले तिला दिसले आणि हा आपलाच पाय आहे हे कळायला क्षणभर उशीर लागला.

"पाहिजे तर त्याच औषधानं जोडून घ्या," कापगते म्हणाला. त्याचा श्वासही वाढला नव्हता.

खैरबोडीच्या इस्पितळात तिला शुद्ध आली तेव्हा पाय मांडीपर्यंत बांधलेला होता. उशाशी गुलाबी द्रवाची बाटली होती. शस्त्रक्रिया करणारा तरुण डॉक्टर खुशीत होता.

"अस्थिसांधक भरलंय मॅडम. रोज एक झाकण पोषरस घ्या, महिन्याच्या आत चालाल. आमच्या इथे फार छान रिझल्ट आहेत."

"जीवाणू कुठून आणता?"

"कंपनीचे पहिल्यांदा आले होते. नंतर आम्ही इथेच वाढवतो. चांगला बरा झालेला रुग्ण असेल तर त्याच्या हाडातले थोडे घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे. विरजण लावतो ना, तसं."

"चांगला बरा झालेला म्हणजे कोण?"

डॉक्टर जरा घुटमळला. "डिगूभाऊंसारखी हाडं या तालुक्यात दुसऱ्या कोणाची नाहीत," तो म्हणाला.

पोलिसांनी हटवारचा मृत्यू ब्रेक निकामी झाल्याने घडलेला अपघात म्हणून लिहून घेतला होता. यामिनीचा जबाब घ्यायला कोणी आले नाही. बरे वाटू द्या, असा निरोप मात्र आला. ठोकळे काढायचा आदेश वरून तोंडी आला होता, आणि डंपर पुन्हा पुलावरून जाऊ लागले होते.

दुसऱ्या दिवशी रेवती आली. हटवारबद्दल ऐकून तिने डोळे पुसले. तिचे आवरल्यावर यामिनीने बाटलीकडे बोट केले.

"हाडातले वेगळे आहेत ना?"

"शरीरात टिकावेत म्हणून थोडे बदललेले. वंश तोच."

"आणि नियम?"

रेवतीने बाटली उचलून उजेडाला धरली. "रस रक्तातून सगळीकडे फिरतो, पण साठतो तो हाड तुटलेल्या जागी. हाड जुळलं की साठणं बंद. नियमही तोच."

"भेग पडली की जेवण."

"माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. वाटलं, माणूस महिनाभर पिणार आणि सोडणार. एवढ्यात काही वंश बदलत नाही. कोणी हाडं मोडून घेण्याचा धंदाच करेल, वर्षानुवर्षं पीत राहील, आणि मग त्याचंच विरजण गावभर लावतील, हे..." तिने वाक्य सोडून दिले. "तुझ्या पायात त्याचे जीवाणू आहेत, यामिनी."

"मग काय करायचं?"

"पुलाला केलं तेच. उपाशी ठेवायचं. तू रस पिऊ नकोस. मी आजच सगळ्या इस्पितळांना कळवते, सगळ्या रुग्णांचा रस थांबवा, दुकानांतला माल परत घ्या. हाड उशिरा जुळेल, वाकडं जुळेल, पण पोखरलं जाणार नाही."

सूचना त्याच दिवशी निघाली आणि सगळीकडून पोषरस उचलला गेला. यामिनीच्या उशाची बाटली मात्र तशीच राहिली. ती नेण्याचे कोणाला सुचले नाही. तिने तिचे झाकण उघडले नव्हते.

पडल्या पडल्या ती टॅबवर भेगश्रवण यंत्रणा पाही. गर्डरांना चिकटवलेले बारीक कान काँक्रीटमधली प्रत्येक कुरकुर ऐकत आणि पडद्यावर तिचा ठिपका उमटे. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सुरुवातीला ठिपके विरळ झाले होते. तिला बरे वाटले होते. मग ते वाढले. आठवडा उलटला तेव्हा मधल्या गाळ्याचे गर्डर पडद्यावर ठिपक्यांनी लाल झाले होते, आणि बरेचसे ठिपके गाड्या नसतानाही उमटत होते.

त्याच सकाळी पायातली वेदना बदलली. ठणका जाऊन आत कुरतडल्यासारखे होऊ लागले, जणू बांधलेल्या पट्टीच्या आत कोणी नखाने हाड खरवडत होते. ती घाम पुसत पडद्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी तिचा हात थांबला. तिने रेवतीला फोन लावला.

"उपाशी राहिले की झोपतात, हे तू कोणत्या जीवाणूंवर तपासलं होतंस?"

"माझ्या."

"पुलातल्या नव्हे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी कालच नमुन्याचा एक तुकडा रसाशिवाय ठेवलाय," रेवती म्हणाली. ती प्रयोगशाळेतून चालत असावी. दार उघडल्याचे ऐकू आले. ती परत बोलली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "यामिनी, तुकडा उरलेला नाही. पीठ झालंय."

"म्हणजे ते झोपत नाहीत."

"झोपणारे कधीच मागे पडले. भूक लागली की भेग पाडायची, जे उरलेत त्यांना एवढंच येतं. रस चालू होता तोवर सावकाश पाडत होते. आता जेवणाच्या शोधात चहूबाजूंनी खणतायत. व्हॉल्व्ह उघड. आत्ता उघड. आणि ती बाटली पी."

यामिनीने बाटली तोंडाला लावली. गोडसर, तुरट रस घशाखाली उतरत असतानाच ती पुलावरच्या विभागाच्या चौकीचा नंबर लावत होती. तिथल्या शिपायाला तिने सांगितले, टाकीघराचे कुलूप फोड, व्हॉल्व्ह डावीकडे फिरव, आणि सगळ्यात आधी गाड्या अडव.

"साहेबांना विचारावं लागेल मॅडम," शिपाई म्हणाला. मग फोन दुसऱ्याच कोणी तरी घेतला. "डंपर चालूच राहतील म्हनाव बाईले," तो आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पुलावरचा कॅमेरा तिच्या टॅबवर दिसत होता. दोन भरलेले डंपर मधल्या गाळ्यावर चढत होते आणि पलीकडून एक रिकामी ट्रॉली येत होती. पुढच्या डंपरमध्ये मुकुंदा होता. त्याची कोपरावर गुंडाळलेली निळी बाही खिडकीबाहेर दिसत होती. पडद्यावरचे ठिपके एकमेकांत मिसळले. गर्डर मोडला असे म्हणता आले नसते. तो सुटला. गाळा मधून खाली बसला, रस्त्याची दोन टोके आत वळली आणि डंपर एकामागून एक त्या फटीत गेले. पहिल्यावर दुसरा पडला, दुसऱ्याची रेती पहिल्याच्या केबिनवर ओतली गेली, आणि वरून काँक्रीटचा एक तुकडा आला. उन्हाळ्यात नदीला पाणी घोट्याइतके होते. ते सरळ खडकावर पडले. ट्रॉलीवाला काठावर थांबला होता आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा होता.

यामिनीच्या तोंडात रसाची चव तशीच होती. डंपर तिने अडवले होते हे खरे. व्हॉल्व्हही तिनेच बंद केला होता.

दीड-दोन तासांनी वॉर्डाच्या दारात कापगते उभा राहिला. शर्ट रेतीने आणि भावाच्या रक्ताने माखलेला होता. हातात लोखंडी गज होता. त्याच्यामागे कोणी नव्हते. त्याची माणसे नदीत उतरली असावीत. वॉर्डातल्या सिस्टर बोरकर त्याला अडवायला पुढे झाल्या तर त्याने त्यांना खांद्याने बाजूला सारले, आणि तसे करताना त्याच्याच तोंडून कण्हल्याचा आवाज निघाला. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण भिंतीकडे सरकले.

"तूच पाडला," तो म्हणाला. "चौकीवाल्यानं सांगतलं. आधी तूच नळ बंद केला, मंग उघडा म्हनून फोन केला. तुले ठाऊक होतं."

"आज सकाळी कळलं," यामिनी म्हणाली. "कळल्याबरोबर मी गाड्या अडवायला सांगितलं. तुमच्या माणसाने फोन ठेवला."

"मुकुंदाले चमच्यानं काढून राहिले खालून." त्याने गज दुसऱ्या हातात घेतला. "अन् माहा रसही तुमीच बंद केला. आठ दिवस झाले, हाडात विस्तव हाये माह्या."

तेव्हा यामिनीला कळले की समोर काय उभे आहे. तिच्या एका नडगीत जे होते ते या माणसाच्या सर्व हाडांत होते, आणि बरीच वर्षे होते.

"कापगते, गज खाली ठेवा," ती म्हणाली. "मारू नका. तुमचा हात ते झेलणार नाही."

त्याला ती दयेची भीक वाटली असावी. त्याने गज दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि सगळा जोर लावून खाली आणला. यामिनीने अंग उशीकडे फेकले. गज खाटेच्या लोखंडी कठड्यावर बसला आणि त्याचा हादरा कापगतेच्या हातांत परत गेला. त्याचे दोन्ही हात मनगटांच्या वर, जिथे कोपर नसते तिथे, वाकले. गज खणकन पडला. उजव्या बाहीतून हाडाचे टोक बाहेर आले. ते पांढरे नव्हते; करडे, भोकाभोकांचे होते. तो अविश्वासाने त्याकडे पाहत एक पाऊल मागे सरकला, आणि त्या पावलावर शरीराचा भार पडताच त्याची मांडी आतल्या आत गेली. तो फरशीवर कोसळला. पडताना बरगड्यांचा आवाज आला, वाळलेल्या तुराट्या पायाखाली आल्यासारखा.

तो ओरडत होता, आणि प्रत्येक ओरडीबरोबर छातीतले काहीतरी नवे तुटत होते. मग त्याने ओरडणे आवरले. श्वास तेवढा आत-बाहेर होत राहिला.

"रस," तो म्हणाला. त्याची नजर उशाशी असलेल्या बाटलीवर होती. "ते द्या मले."

बाटलीत चार-पाच झाकणे रस उरला होता. गावातली एवढी एकच बाटली परत गेली नव्हती. यामिनी खाटेच्या कडेला सरकून बसली, बांधलेला पाय तिने दोन्ही हातांनी खाली सोडला आणि बाटली मांडीवर घेतली. कापगतेला ती उचलून घेता येणार नव्हती. त्याचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना टाकून दिलेल्या दोरखंडासारखे पडले होते.

"हटवारवर गाडी घालायला कोणी सांगितलं?" तिने विचारले.

त्याने तोंड फिरवले. तिने झाकण उघडले नाही.

"म्या," तो अखेर म्हणाला.

"मोठ्याने. सिस्टरना ऐकू आलं पाहिजे."

"म्या सांगतलं. हातानं सांगतलं. मुकुंदा थांबत होता."

तिने झाकणभर रस ओतला, वाकून त्याच्या ओठांशी नेला. तो लहान मुलासारखा चोखून प्यायला.

"माझा पाय?"

"म्याच."

दुसरे झाकण. ते रिकामे करून मागे घेताना यामिनीचे स्वतःच्या हाताकडे लक्ष गेले. एक उत्तर, एक झाकण. हात जराही थरथरत नव्हता, आणि तिसरा प्रश्न जिभेवर तयार होता. घाट, जळालेल्या गाड्या, कोण कोण पैसे घेते, ती विचारत गेली असती आणि तो सांगत गेला असता, खरे असो वा खोटे. तो काहीही सांगायला तयार आहे हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. तिने तिसरा प्रश्न गिळला. झाकण भरले, त्याला पाजले, आणखी एक भरले, तेही पाजले. स्वतःसाठी तळाशी थोडा रस ठेवला.

सिस्टर बोरकर भिंतीला धरून उभ्या होत्या. यामिनीने त्यांना मोबाइल द्यायला सांगितले आणि रेवतीला फोन केला. सूचना मागे घे, ती म्हणाली, सगळ्यांचा रस ताबडतोब सुरू कर, ज्यांनी ज्यांनी आठ दिवस घेतला नाही त्यांना खाटेवरून उठू देऊ नका, मूल असो की म्हातारं. आणि रस बनवणाऱ्या कारखान्याला सांग, आता थांबायचं नाही.

"किती काळ?" रेवतीने विचारले.

यामिनीने खाली पाहिले. कापगतेने डोळे मिटले होते. त्याच्या करड्या हाडाच्या टोकावर रक्त साकळत होते, आणि नुकताच प्यायलेला रस आता त्या रक्तातून तिकडेच निघाला असणार होता.

"यांना जगवायचं असेल तितका," ती म्हणाली. मग सिस्टरकडे वळली. "पोलिसांना बोलवा. आणि यांना उचलताना चौघांनी धरा, चादरीसकट. हटवारच्या बायकोसमोर हा माणूस उभा राहायला हवा."

"उभा?" सिस्टर म्हणाल्या.

यामिनीने तळाचा रस पिऊन टाकला आणि नडगीतली कुरतड थांबायची वाट पाहत बसून राहिली.